चौथा आकडा

(सिंदी (रेल्वे) येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)

बीपीचं मशीन आता घरोघरी आलं आहे. पट्टा गुंडाळला, बटण दाबलं की तीन आकडे येतात: वरचा, खालचा आणि नाडीचे ठोके. माझा आग्रह चौथ्या आकड्याचा आहे, आणि तो मशीन दाखवत नाही. वरच्यातून खालचा वजा करा, उरतो तो नाडीदाब. १२०-८० असेल तर ४०. वरचा म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, हे सांगत बसत नाही; ज्यांच्या खिशात गोळ्यांची पाकिटं आहेत त्यांना मी काय शिकवणार? (हशा) पण ‘वरचा थोडा जास्त आहे, खालचा नॉर्मल आहे, काळजी नाही’ हे वाक्य पन्नाशी ओलांडलेल्यांच्या तोंडी येऊ नये, एवढ्यासाठी मी उभा आहे.

शेतातली मोटार पाणी सलग ढकलते, हृदय मात्र झटक्याझटक्यानं. तरुण माणसाची महाधमनी प्रत्येक झटक्यासरशी फुगते, थोडं रक्त स्वतःत धरून ठेवते आणि हृदय विसावलं की आवळून तेच पुढे सोडते. म्हणून वरचा फार चढत नाही, खालचा फार उतरत नाही. उन्हानं कडक झालेला रबरी पाइप कसा फुगायला तयार नसतो, तशीच ही नळी वयानं ताठरते. मग वरचा चढत राहतो आणि खालचा, पन्नाशी-साठीपर्यंत चढलेला, उतरू लागतो. घरची मंडळी म्हणतात, बघा, सुधारणा झाली! खरं तर पाइप कडक झाला. त्यात हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः विसाव्याच्या क्षणी, म्हणजे खालच्या दाबावर. तोच घटला तर राबणाऱ्याच्याच पोटाला चिमटा.

उदाहरण लांबून आणायला नको, सेवाग्राम आपल्याच जिल्ह्यात आहे. गांधीजींच्या तब्येतीच्या नोंदी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’च्या २०१९च्या विशेष अंकात छापल्या आहेत. २६ ऑक्टोबर १९३७ला दाब १९४-१३०. १९ फेब्रुवारी १९४०ला २२०-११०. वजन ४६.७ किलो, म्हणजे ‘जाड माणसाचाच रोग’ हा समज तिथेच गळून पडतो. आता वजाबाकी करा. वरचा २६नं चढला, खालचा २०नं उतरला. नाडीदाब ६४वरून ११०वर गेला. दोन्ही आकडे भयंकरच, पण खालच्याकडे पाहणारा म्हणेल, सुधारणा आहे! दोन नोंदींवरून निदान करू नये, हे मान्य. (मागून प्रश्न) हो, तुमचा आक्षेप बरोबर आहे: गांधीजींना ना झटका आला, ना लकवा झाला, आठ वर्षांनी त्यांना गोळ्यांनी मारलं. पण धोका म्हणजे भविष्यवाणी नव्हे. सारख्याच आकड्यांची हजार माणसं घेतली तर किती जणांवर वेळ येईल, एवढंच तो सांगतो. त्यात तुम्ही कोण, ते नाही. गांधीजींचं काय झालं असतं, हे ३० जानेवारी १९४८नंतर कुणालाच कळणार नव्हतं.

हजार माणसं घेऊन पाहायचं कामही १९४८मध्येच सुरू झालं, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात. तिथल्याच ५० ते ७९ वयाच्या १,९२४ स्त्री-पुरुषांवरचा निबंध १९९९मध्ये आला. वरचा दाब १२० किंवा जास्त असलेल्यांत, वरचा सारखाच धरला तर ज्याचा खालचा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका अधिक. म्हणजे १६०-९५पेक्षा १६०-७० वाईट! सभागृहातली चुळबूळ दिसते आहे. पुष्कळांची वजाबाकी सुरू झालेली दिसते. (हशा)

आता माझ्या विरोधातला पुरावा, नाहीतर कार्यक्रमानंतर डॉक्टर मंडळी मला गाठतील. २००२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ६१ अभ्यासांतल्या दहा लाख माणसांची माहिती एकत्र आली. त्यात मृत्यूचं भाकीत करायला वरच्या-खालच्याची सरासरी सरस ठरली, नाडीदाब बराच मागे पडला. हे मी नाकारत नाही. एकच आकडा निवडायचा असेल तर नाडीदाब निवडू नका. १८०-१२०चाही नाडीदाब ६०च येतो आणि १३०-७०चाही, आणि ही दोन माणसं एका रांगेत बसवणं वेडेपणा आहे. माझं म्हणणं त्याहून लहान आहे. उतारवयात वरचा चढलेला असताना खालच्या आकड्यानं जो खोटा दिलासा मिळतो, तो या वजाबाकीनं मोडतो. आणि नाडीदाब मोठा निघाला म्हणून मनानं गोळी बंद करणं किंवा वाढवणं, दोन्ही नको. औषध ठरवताना डॉक्टर मुख्यतः वरचा आकडाच पाहतात, आणि तेच योग्य.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, ‘पाच मिनिटं’. दोन्ही हातांच्या दाबातला फरक आणि नाडीची अनियमितता, हे दोन मुद्दे राहिलेच. बाहेर टेबलावर मशीन ठेवलं आहे. रांगेत घाई करू नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि पट्टा फुगत असताना माझ्याशी वाद घालू नका, वरचा उगाच चढतो.