आईसाठी कान शिकवताना

2015 सालच्या आषाढातील एका दुपारी मी शाळेतून परतले आणि स्वतःच्याच दारात पाऊण तास भिजत उभी राहिले. बेळगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पाऊण तासाची लांबी सांगावयास नको. आत आई मेथी निवडीत बसली होती. तिला घंटा ऐकू आली नाही, दार ठोठावलेलेही ऐकू आले नाही. अखेर मी मागील अंगणातून खिडकीशी गेले तेव्हा ती दचकली. आणि मी भिजले यापेक्षा, आपल्याला काहीच कळले नाही याचे तिला अधिक वाईट वाटले. त्याच्या आदल्या महिन्यात शिट्ट्या मोजता न आल्यामुळे तिच्या हातून कुकर कोरडा पडून जळला होता. कानाचे यंत्र होते. परंतु ते रात्री काढून ठेवावे लागे, आणि दिवसाही भांड्यांच्या खणखणाटाला कंटाळून ती ते काढी. त्या दिवसापासून तिने एक सवय लावून घेतली. घरात कोठेही बसायचे ते दाराकडे तोंड करून. खिडकीपाशी बसून अंगणातला आंबा पाहत निवडणे-टिपणे करायचे, हा तिचा कैक वर्षांचा परिपाठ, तो सुटला.

श्रोतेहो, अंधांना वाट दाखवणारी कुत्री आपल्या ऐकिवात असतात. बहिऱ्या माणसाला हाक पोहोचवणारी कुत्री मात्र पुष्कळांना ठाऊक नसतात. इंग्लंडात 1982 सालापासून अशी कुत्री शिकवून देणारी संस्था आहे, व आरंभीच्या काळात तिने बेवारशी कुत्र्यांच्या आश्रयगृहांतूनही आपले विद्यार्थी निवडले. संस्थेवाचून, आपले कुत्रे आपणच शिकवावे, ही कल्पना तर त्याहून पुष्कळ जुनी. याकोब बिरर नावाच्या एका अंध स्विस गृहस्थाने आपले कुत्रे स्वतः शिकवले आणि 1847 साली ती हकीकत प्रसिद्ध केली. अमेरिकेतील 1990 च्या दिव्यांगविषयक कायद्यानेही मालकाने घरी शिकवलेले कुत्रे ग्राह्य मानले आहे. तेथे प्रमाणपत्र लागत नाही, अंगावर विशिष्ट झूल लागत नाही. दिव्यांगाच्या उपयोगाचे ठराविक काम ते करते की नाही, हे महत्त्वाचे.

हे सारे वाचून मला धीर आला, आणि मग मी नवशिक्याची चूक केली. शिक्षणाआधी सामान घेतले. लाल झूल, तिच्यावर पांढरी अक्षरे, पितळी बिल्ला, तीन तऱ्हेचे पट्टे; आणि हे सारे ज्याच्या अंगावर शोभावे असे एक देखणे, महागडे लॅब्रेडॉरचे पिल्लू. पिल्लू गुणी होते. पण पातेल्यावरचे झाकण पडले तरी पलंगाखाली जाई आणि दिवाळीचे दोन दिवस तेथून बाहेरच आले नाही. वर्षभर मी हट्ट धरला. ज्याला आवाजाची धास्ती, त्याला आवाजाच्या कामावर नेमणे ही क्रूरता आहे, हे मला उशिरा कळले. आता ते भावाच्या शेतावर सुखात आहे. झूल अजून ट्रंकेत आहे.

2016 साली शाळेमागच्या गल्लीतील एक वर्षाची तपकिरी कुत्री आमच्याकडे आली. तिचे नाव आईने चांदी ठेवले, रंगाचा विचार न करता. तिची परीक्षा मी एका स्टीलच्या ताटलीने घेतली. ताटली फरशीवर टाकली. ती दचकली, दोन पावले मागे सरली, आणि क्षणभराने पुढे येऊन ताटली हुंगू लागली. दचकून परत येणे, हेच मला हवे होते. पशुवैद्यांकडून तिचे कान, सांधे व सामान्य प्रकृती तपासून घेतली, रेबीजची लस टोचली. ती दरवर्षी टोचावी लागते, यात कसूर नको.

आता सामानाविषयी. रुंद, सपाट गळपट्टा एक. आवळत जाणारा फास नको. सहा फुटांची दोरी घराबाहेर हिंडवण्यासाठी आणि तीसेक फुटांची एक मैदानात हाकेला येण्याचा सराव करण्यासाठी. बसण्याची जागा ठरवून देणारी जुनी सतरंजी. विजेच्या सामानाच्या दुकानात मिळते तशी बिनतारी घंटा, कारण तिची कळ कोणत्याही खोलीतून दाबता येते. कमरेला बांधायची कापडी पिशवी, आणि तिच्यात उकडलेल्या कोंबडीचे वाटाण्याएवढे तुकडे. मनुका, चॉकलेट, कांदा यांपासून कुत्र्याला दूर ठेवावे. ती त्याला विषासमान आहेत.

एक वस्तू मात्र थोडी निराळी. जत्रेत पूर्वी पत्र्याचा बेडूक मिळे. पोटाखालची पट्टी दाबली की टक्क वाजे. तसेच डबीएवढे एक साधन शिकवणारे वापरतात, त्याला क्लिकर म्हणतात. कुत्र्याने योग्य कृती केली की त्याच क्षणी टक्क वाजवायचे आणि लगोलग घास द्यायचा. घास देईपर्यंत वेळ जातो व कुत्रे दुसरेच काही करून बसते. टक्क मात्र नेमक्या कृतीवर बोट ठेवते. हा प्रकार लोकप्रिय करणाऱ्या कॅरन प्रायर या बाई मुळात हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवीत. डॉल्फिनला दोरीने ओढता येत नाही की छडीने मारता येत नाही, म्हणून त्यांना दुसरी वाट शोधावी लागली. ‘डोन्ट शूट द डॉग’ हे त्यांचे 1984 सालचे पुस्तक. ते वाचताना मला माझ्या शिक्षकी पेशाची थोडी लाज वाटली, हे कबूल करते. 2009 च्या कायद्याने आमच्या हातची छडी काढून घेतली खरी; पण तिच्या जागी काय धरावे, हे आम्हांला कोणी नीट सांगितले नव्हते.

आवाज शिकवायचा तो सर्वांत शेवटी. आधी चांदीला एवढेच शिकवले की आईच्या गुडघ्याला नाकाने स्पर्श केला की टक्क वाजते. हे रोज दोनदा, पाच पाच मिनिटे; अधिक नाही. तो स्पर्श पक्का झाल्यावर भाचा दुसऱ्या खोलीतून घंटेची कळ दाबी, आणि मी चांदीला आईकडे वळवी. मग आईने दोन्ही तळहात उघडून ‘काय?’ अशी खूण करायची, आणि चांदीने तिला दारापर्यंत न्यायचे. येथे एक अडचण ध्यानात आली. जिच्यासाठी हे शिक्षण, तिलाच घंटा ऐकू येत नाही. मग शाबासकी कोणत्या क्षणी द्यायची, हे तिला कसे कळावे? म्हणून या कामाला दोन माणसे लागतात. मी समोर उभी राहून हात वर करी, तेव्हा आई घास देई. घास आईनेच द्यायचा, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. नाहीतर कुत्री माझी होऊन बसली असती.

शब्दांचा गोंधळही झाला. आई मराठीत ‘बस’ म्हणे, भाचा इंग्रजीत, दूधवाला कानडीत लाड करी. बिचारी चांदी सर्वांकडे आळीपाळीने पाही. अखेर हातांच्या खुणा ठरवल्या आणि शब्द सोडून दिले.

प्रत्येक आवाज म्हणजे एक स्वतंत्र धडा. दाराची घंटा सव्वा महिन्यात आली. कुकरने चार महिने खाल्ले. चांदीला मोजता येत नाही, त्यामुळे ती प्रत्येक शिट्टीला उठून येते व आईला मोजण्याचे काम परत मिळाले. गॅस गळतीचा भोंगा मात्र निराळ्या रीतीने शिकवावा लागतो. तेथे माणसाला आवाजाकडे नेणे म्हणजे संकटात नेणे. म्हणून तो वाजला की तिने स्पर्श करायचा आणि तेथल्या तेथे पोटावर आडवे पडायचे. ही खूण दिसताच आईने उठून अंगणात जायचे. मी रोजची नोंद वहीत ठेवी. दहांपैकी नऊ वेळा काम बिनचूक झाल्याशिवाय पुढचा आवाज घ्यायचा नाही, असा मी वर्गातलाच दंडक लावला होता.

हे ऐकून कोणी अंध आप्तासाठी घरी कुत्रे तयार करू पाहील, म्हणून एक गोष्ट स्पष्टपणे सांगते. त्या कुत्र्याच्या पाठीवरील साजाला ताठ मूठ असते. कुत्रे थांबले, वळले, की ते तिच्यातून हाताला कळते. परंतु साज शिवून घेतला म्हणजे झाले असे नाही. मालक ‘चल’ म्हणाला आणि गाडी येत असली, तर कुत्र्याने ती आज्ञा मोडली पाहिजे. केव्हा ऐकायचे आणि केव्हा ऐकायचे नाही हा विवेक भर रहदारीत शिकवणे जाणत्या शिक्षकाचे काम आहे, आणि तेथील चूक जिवावर बेतते. आमच्या घरी चूक झाली तर भात करपे. बिररने ते साधले असेल. पण त्याच्या काळच्या रस्त्यावर मोटारी नव्हत्या.

दीड वर्षाने एका संध्याकाळी मी घरी आले आणि घंटा वाजवली. काचेतून आत पाहते तो आई दाराकडे पाठ करून खिडकीपाशी शेंगा सोलीत बसली होती. चांदी उठली, गुडघ्याला नाक लावले, आईने तळहात उघडले, आणि दोघी दाराकडे आल्या. मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. चहा ठेवायला आत गेली.

आता चांदी दहाच्या घरात आली आहे. मागल्या खोलीतून वाजवलेली घंटा तिला हल्ली कधी कधी ऐकू येत नाही; तिचेही कान वयाला आले. ही गोष्ट आईच्याच प्रथम ध्यानात आली. गेल्या रविवारी ती मला घेऊन शाळेमागच्या गल्लीत गेली. तेथे चार पिल्ले खेळत होती. आईने पिशवीतून स्टीलची ताटली काढली आणि दगडावर टाकली. तीन पिल्ले पळाली. चौथे पळाले, थांबले, आणि मान वाकडी करून ताटलीकडे पाहू लागले.