पहिली तक्रार



या संमेलनाच्या पूर्वाध्यक्षांनी घालून दिलेला पायंडा आदरणीय आहे. त्या पायंड्याप्रमाणे मुक्त सॉफ्टवेअरच्या गतवर्षातील वाटचालीचा आढावा मी घ्यावयाचा. तशी टिपणेही केली होती. परंतु एका संशोधन संस्थेच्या संगणक विभागात, इतरांनी लिहिलेली सॉफ्टवेअरे सोर्सपासून बांधून देण्यात माझी बावीस वर्षे गेली, आणि त्या साऱ्या काळात मनात सलत राहिलेली एक गोष्ट बोलून दाखविण्याची दुसरी संधी मला मिळेलसे वाटत नाही. म्हणून ती टिपणे बाजूला ठेवतो.

माझे दुःख हे की, बिल्ड फसल्यावर आपण वाचीत नाही.

कंपायलर ज्या क्षणी अडखळतो त्याच क्षणी कोणती फाइल, कितवी ओळ, कोणता शब्द असा तपशील देऊन तो आपली तक्रार नोंदवितो. ती मेककडे, म्हणजे बांधणीची कामे क्रमाने करवून घेणाऱ्या प्रोग्रॅमकडे, जाते, त्या डिरेक्टरीचा मेक वरच्या डिरेक्टरीच्या मेकला कळवितो, तो त्याच्या वरच्याला, आणि प्रत्येक पायरीवर ‘एरर 1’, ‘एरर 2’ असा नुसता शेरा तेवढा वाढत जातो. तालुका कचेरीतून निघालेला कागद सचिवालयात पोहोचेतो त्यावर सह्या जमत जाव्यात आणि मूळ अर्ज तळाशी दबून राहावा, तसा हा प्रकार आहे. आमचे तरुण सहकारी पडद्यावरची अखेरची सही टिपून घेतात आणि तिच्यावर इलाज शोधीत हिंडतात. आठ कामे एकाच वेळी चालविण्याचा हुकूम मेकला दिलेला असेल, तर आठांचे बोलणे एकमेकांत मिसळते आणि खरी तक्रार दोन-दोनशे ओळी वर राहून जाते. अशा वेळी तेच काम एकेरी चालवावे, सारा मजकूर फाइलीत उतरवून घ्यावा आणि वरून खाली वाचीत यावे. कारण एक हेडर समाविष्ट करावयाचा राहिला की त्यातील प्रत्येक नाव कंपायलरला अपरिचित होते, आणि पुढच्या शंभर चुका या त्या एकीचीच संतती असतात.

स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिला, तोच मुळी एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली म्हणून. चूक दुरुस्त झालेली होती, परंतु दुरुस्त फाइल पुन्हा कंपाइल झालेली नव्हती, आणि तो गृहस्थ निर्दोष प्रोग्रॅममध्ये दोष शोधीत बसला होता. माणसाची सकाळ वाचावी म्हणून निर्माण झालेल्या साधनापुढे आज आपण आठवडे घालवितो, याचे मला वाईट वाटते.

एकदा आमच्या येथील एका संशोधकाने बांधणीपूर्वी मशीन तपासणारा कॉन्फिगर चालविला, आणि ‘सी कंपायलर एक्झिक्यूटेबल निर्माण करू शकत नाही’ अशा अर्थाची ओळ आली. त्याने कंपायलर काढून पुन्हा बसविला, मग दुसरी आवृत्ती बसविली. तीन दिवस गेले. त्याच ओळीच्या खाली ‘अधिक तपशिलासाठी कॉन्फिग डॉट लॉग पाहा’ असे लिहिलेले होते. मी ती फाइल उघडली. सीआरटी-वन नावाची, प्रत्येक प्रोग्रॅमच्या आरंभी जोडावी लागणारी छोटी फाइल लिंकरला सापडत नव्हती, म्हणजे सी लायब्ररीचे डेव्ह पॅकेज मशीनवर नव्हते. कंपायलर निरपराध होता. पॅकेज बसविण्यास एक मिनिटही लागले नाही.

आता आपल्या मंडळींत जे वाद चालू आहेत त्यांविषयी. बिल्डसाठी ऑटोटूल्स बरी, की सीमेक, की मेसन, यावर कालच्या परिसंवादात बरीच खडाजंगी झाली. मी तिन्हींबरोबर दिवस काढले आहेत. तिघांचेही आपापले दप्तर आहे आणि झालेल्या प्रत्येक तपासणीची हकीकत ते त्यात नेमाने लिहून ठेवतात. ते दप्तर उघडणारा मनुष्य नसेल तर साधन कोणते याला महत्त्व उरत नाही.

दुसरा वाद कंटेनरचा. सर्व काही तयार प्रतिमेत मिळत असता सोर्सपासून बांधण्याची यातायात आता कशाला, असे एका वक्त्यांनी विचारले. त्यांना मी एवढेच सांगेन की, आमच्याकडे नवी आर्म प्रोसेसरची मशीने आली त्या दिवशी, जुन्या इंटेल यंत्रांसाठी वर्षानुवर्षे जपलेली प्रतिमा ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणून पहिल्याच पावलाला थांबली. तिच्या आत काय आहे हे सांगणारा मनुष्य निवृत्त झाला होता. शेवटी सोर्सच शोधावा लागला, आणि जी विद्या अनावश्यक ठरविली होती तिच्याच आधाराने काम पुरे झाले.

तिसरा वाद अधिक गंभीर आहे. जीसीसी या कंपायलरच्या 10 व्या आवृत्तीने 2020 साली एक जुनी सवलत काढून घेतली. दोन फाइलींत एकाच नावाचे, आरंभीचे मूल्य न दिलेले सार्वत्रिक चल असले तर ते मुकाट्याने एकच मानून घेण्याचा रिवाज तोवर होता; तो बंद झाला आणि लिंकर ‘मल्टिपल डेफिनिशन’ अशी तक्रार करू लागला. शेकडो जुनी सॉफ्टवेअरे अडली. सवलत परत मिळवून देणारा एक फ्लॅग आहे. तो लावा आणि पुढे चला, असा सल्ला तेव्हाही मिळाला आणि काल येथेही मिळाला. आमच्या एका जुन्या प्रोग्रॅमच्या बाबतीत मी तो सल्ला नामंजूर केला आणि दोन्ही फाइली वाचल्या. ‘स्केल’ हे नाव एकीत आलेखाच्या प्रमाणासाठी होते आणि दुसरीत मोजमापाच्या गुणकासाठी. लेखक वेगळे, हेतू वेगळे, आणि इतकी वर्षे दोघे स्मृतीच्या एकाच जागेत लिहीत होते. आलेखाचे प्रमाण बदलले की पुढचे मोजमाप बिघडत होते. लिंकरने जे सांगितले ते खरे होते, आणि फ्लॅग लावला असता तर तो पुन्हा गप्प झाला असता. तक्रार बंद करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे मी तेव्हा बोललो होतो. आज अधिक तीव्रतेने बोलतो.

न वाचण्याचा धोका किती, हे पाहावयाचे तर मार्च 2024 मध्ये उघडकीस आलेले, एक्सझेड या संक्षेपणाच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण आठवावे. 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांच्या प्रकाशित गठ्ठ्यांत एक एम-फोर फाइल अशी होती की तिच्यातील काही मजकूर गिट भांडारात नव्हताच. बिल्ड चालू असताना ती चाचणीच्या फाइलींत दडविलेला घातक कोड बाहेर काढून लायब्ररीत मिसळीत असे. कपटाने निवडलेली जागा कोणती, तर बिल्डची स्क्रिप्ट. कारण ती कोणी वाचीत नाही हे त्या अपराध्याला पक्के ठाऊक होते. ते उघडकीस आणले आंद्रेस फ्रॉइंड यांनी, ज्यांना एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद अधिक का लागतो हा प्रश्न पडला आणि ज्यांनी तो सोडून दिला नाही. असा अर्धा सेकंद आपल्यापैकी कितीजणांना खटकला असता?

वाचल्याने पेच सुटतो हे मी ज्यांत शिकलो ते जुने दिवस कधी कधी मला आठवतात. अक्षरे उमटविणारे फ्रीटाइप बांधावयास ती जुळवून देणारे हार्फबझ हवे आणि हार्फबझ बांधावयास फ्रीटाइप, असा पेच पहिल्यांदा पडला तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत थांबलो होतो. आधी हार्फबझशिवाय फ्रीटाइप, मग हार्फबझ, मग पुन्हा फ्रीटाइप, ही वाट कागदपत्रे वाचून सापडली. आणि पहाटे ‘महाराष्ट्र’ या शब्दातील जोडाक्षर पडद्यावर नीट जुळून आले, तेव्हा खोलीत दुसरे कोणीही नव्हते.

आपल्या संमेलनाने बिल्डमधील तक्रारींचा एक मराठी संग्रह करावा, अशी माझी सूचना आहे. पहिली तक्रार, तिचे कारण, आणि ते कोठे सापडले, एवढे तीन रकाने असावेत. तो कोणी संपादित करावा, कोठे ठेवावा, याचा विचार कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत होईलच. माझ्या परीने आरंभ म्हणून माझी स्वतःची वही मी आज येथे टेबलावर ठेवीत आहे. तिच्यातील पहिली नोंद 2002 सालची आहे. मेकफाइल, ओळ 12, ‘मिसिंग सेपरेटर’, नक्कल करताना टॅबच्या जागी आठ स्पेस आल्या होत्या, दीड दिवस. त्याखाली पुढे केव्हातरी मी लाल शाईने लिहिले आहे की, टॅबऐवजी आठ स्पेस तर दिल्या नाहीत ना, हा प्रश्न मेकने त्याच ओळीत, शेवटच्या कंसात विचारलेला होता.