काळोखासाठी जागा

काळ्या पार्श्वभूमीवर एकटा माणूस उजळणे, हा चलच्चित्राचा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त प्रकार. एडिसनचा १८९३ सालचा ‘ब्लॅक मारिया’ स्टुडिओ काळ्या डांबरी कागदाने मढवलेला होता. छप्पर उघडून ऊन आत घेत आणि सूर्य सरकला की अख्खी इमारत गोल रुळावर फिरवत. नट उन्हात, मागे काळोख.

अध्यक्षीय भाषणात संघटनेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा अपेक्षित असतो. तो छापील अहवालात आहेच. इथे विषय एकच: मुलाखत देणाऱ्याच्या पाठीला चिकटलेली भिंत.

दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो. दिवा माणसापासून तीन फुटांवर आणि भिंत त्याच्या मागे एकाच फुटावर असेल, तर भिंतीला माणसाच्या निम्म्याहून अधिक प्रकाश मिळतो. भिंत नऊ फूट मागे गेली, की तिच्या वाट्याला सोळावा हिस्सा उरतो. म्हणजे, दर स्टॉपला प्रकाश निम्मा धरून, चार स्टॉपचा फरक. मग चुन्याची भिंतही करडी पडते. दिवा बाजूला घेऊन त्याला पुठ्ठ्याचा कटर लावला, तर ती काळीच होते. मात्र तोच दिवा माणसापासून नऊ फुटांवर नेला, तर भिंतीवर चौथाई प्रकाश पोचतो आणि सगळे मुसळ केरात. खोली लहान असली तर आजूबाजूच्या पांढऱ्या भिंती प्रकाश परतवतात. त्यांच्यावर काळे कापड टांगावे लागते. मखमल प्रकाश गिळते, चकचकीत सॅटिन मात्र चमकते.

हे गणित शाळकरी आहे. तरीही निर्माते आणि संस्थाचालक वर्षानुवर्षे माणसाला भिंतीशी, संस्थापकांच्या तसबिरीखाली बसवत आले आहेत. पैसे दिव्यांच्या भाड्यात जातात, जागेसाठी कुणी दमडी काढत नाही. भिंत उजळली की आणखी एक दिवा मागवला जातो, आणि तोही भिंतीवरच पडतो.

तालुक्याच्या गावी एका वृद्ध ढोलकीवादकाचे चित्रण होते. चित्रण करवणाऱ्या संस्थेने दहा फुटी खोली आणि चार मोठे दिवे दिले होते. प्रस्तुत अध्यक्षांनी चारही बंद करायला लावले आणि म्हाताऱ्याला जुन्या वाड्याच्या ओसरीच्या कडेला, अंगणाकडे तोंड करून बसवले. पाठीमागे माजघराचा अंधार होता, अंगणातून मऊ उजेड येत होता, एका बाजूला धुतलेले धोतर ताणून धरले होते. खर्च चहाचा. संस्थेचे चिटणीस रुसले, कारण भाड्याचे दिवे वापरलेच गेले नाहीत.

बॅक लाइट हवाच की नको, हा सभासदांचा जुना वाद त्याच दिवशी मिटायला हरकत नव्हती. ढोलकीवाल्याचा फेटा पांढरा होता. तो अंधारातून आपोआप सुटा दिसत होता. दुपारी त्याची सून बोलायला बसली. तिचे काळेभोर केस माजघरात विरघळले, तेव्हा मागून एक लहानसा दिवा द्यावाच लागला. डोके आणि खांदे पार्श्वभूमीत हरवतात का, एवढेच पाहायचे. ज्यांना प्रत्येक चौकटीत चंदेरी कडा लागते, त्यांनी साबणाच्या जाहिराती कराव्यात.

एक्सपोजर चेहऱ्याचे धरावे. गव्हाळ वा सावळी त्वचा गोऱ्या त्वचेच्या मापाने उजळली की निस्तेज दिसते. अंधारात तपशील दिसावा म्हणून कॅमेऱ्याचा गेन वाढवला, तर काळ्यात मुंग्या येतात. आठ बिटांच्या फाइलमध्ये गडद छटा मुळातच मोजक्या असल्याने उतरत्या सावलीचे पट्टे पडतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून बाजारातले स्वस्त एलईडी बल्ब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. २५ फ्रेमला शटर एक पन्नासांश ठेवले की ते बहुधा निभावते. प्रकाश मऊ करायला ट्रेसिंग पेपर पुरतो, पण तो तापणाऱ्या हॅलोजनला चिकटवू नये.

लहान खोल्यांतील चित्रणावर एक पुस्तिका काढण्याचा संघटनेचा विचार आहे. तिचे लेखक आणि खर्च यांवर कार्यकारिणी यथावकाश बसेल. पहिल्या पानावर फक्त खोलीची मापे घेण्याची रीत असावी, एवढा आग्रह अध्यक्षांच्या वतीने इतिवृत्तात नोंदवला जावा.