पानामागचे बिऱ्हाड

घरात हौसेने लावलेल्या झाडांवर येणाऱ्या एका कीटकाविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे. मी व्यवसायाने शाळामास्तर. कृषिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. जे सांगणार आहे त्यातील काही पुस्तकांतून मिळाले आणि बरेचसे स्वतःच्या चुकांतून. म्हणून प्रारंभ एका चुकीपासूनच करतो.

आमचे घर बेळगावात आहे. येथला पाऊस एकदा लागला म्हणजे दिवसेंदिवस उघडीप देत नाही. माझ्या आईला झाडांचे वेड. पडवीत तिच्या वीसएक कुंड्या आहेत. मृगाच्या सरी सुरू झाल्या की त्यांतली नाजूक झाडे ती आत, माजघराच्या खिडकीशी आणून ठेवते. २०२२ सालच्या जुलै महिन्यात, एके सकाळी त्या खिडकीखालची फरशी चिकट लागली आणि तीवर मुंग्यांची रांग दिसली. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. आदल्या दिवशी तिने सरबत केले होते. तेव्हा सांडले तिनेच, असा निवाडा आजीने दिला आणि मी तो कायम केला. पोरीने दोनदा नाही म्हटले. खोटे बोलते म्हणून मी तिला आणखी रागे भरलो. त्या दुपारी ती जेवली नाही.

फरशी धुऊन पुसली. तीन दिवसांनी ती पुन्हा तशीच चिकट झाली, आणि या वेळी पोर मामाकडे गेलेली होती. तेव्हा कोठे मी मान वर करून पाहिले. खिडकीतल्या क्रोटनच्या पानांवर जणू कोणी पातळ पाक शिंपडला होता. पाने उलटली तेव्हा मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना मोहरीएवढे, काही त्याहून मोठे, तपकिरी घुमटासारखे फुगीर कण चिकटलेले दिसले. झाडाचीच गाठ असावी असे वाटून मी एक कण नखाने उचकटला. तो सहज निघाला आणि त्याखालून फिकट अंड्यांची भुकटी सांडली. मुलगी परत आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली.

हीच ती खवले कीड. मासळीच्या खवल्यासारखी दिसते म्हणून तिला हे नाव पडले. तिचे गोत्र फार मोठे आहे. आपल्या परिचयाचा पिठ्या ढेकूण तिचा भाऊबंद. ज्याच्यापासून लाख मिळते तो किडाही याच कुळातला. लाखेच्या बांगड्या आणि जुन्या काळच्या ग्रामोफोनच्या तबकड्या ही त्याचीच देणगी. खवले किडीची मादी तरुणपणी एका जागी सोंड रोवून बसते, ती बहुधा तेथेच जन्म संपविते. तिला पंख नसतात, आणि काही जातींत तर मोठेपणी पायही उरत नाहीत. अंगावर मेणचट कवच चढले म्हणजे ती कीटक आहे हे डोळ्यांना पटतच नाही. अनेक जातींत नराखेरीजही वंश वाढतो. म्हणून एकच मादी नजरेतून सुटली तरी पुन्हा वसाहत उभी राहू शकते.

घरात हिचे दोन प्रकार आढळतात आणि त्यांतला भेद ओळखणे अगत्याचे आहे. पहिला मऊ खवल्यांचा. ही कीड झाडाच्या रसवाहिनीतून गोड रस ओढते आणि न पचलेली साखर थेंबाथेंबाने बाहेर टाकते. आमच्या फरशीवरचे सरबत ते हेच. त्या गोडव्यावर मुंग्या येतात, आणि पुढे पानांवर काजळीसारखी काळी बुरशी धरते. दुसरा प्रकार कठीण कवचाच्या खवल्यांचा. हे आकाराने लहान, चपटे, कधी गोल तर कधी शिंपल्यासारखे लांबट असतात. ते पेशींतला रस शोषतात, त्यामुळे चिकटा पाडत नाहीत. फक्त पानांवर पिवळे ठिपके उठतात. सुईच्या टोकाने वरचे कवच उचलून पाहावे. कवच झाकणासारखे वेगळे झाले आणि आतला मऊ किडा पानावरच राहिला, तर तो दुसरा प्रकार समजावा. कवच आणि किडा एकत्रच निघाले, तर पहिला.

येथे माझी दुसरी चूक सांगणे भाग आहे. क्रोटन पाहून झाल्यावर मी आईच्या नेच्याकडे वळलो. त्याच्या पानांमागे तपकिरी ठिपके पाहताच कात्री घेतली आणि सहा-सात डौलदार पाने छाटून टाकली. मुलीने त्यांतले एक उचलले, माझे भिंग लावून पाहिले आणि विचारले, "बाबा, हे सगळे ठिपके अगदी ओळीत कसे हो?" मी गप्प झालो. नेच्याचे बीजाणू पानामागे पुंजक्यांनी, नेमक्या अंतरावर असतात, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर काढून दाखवितो! कीड अशी शिस्त पाळत नाही. ती शिरेलगत, देठाच्या बेचक्यात, खोडावर, जागा मिळेल तशी बसते. ओळीत आणि सारख्या अंतरावर दिसले तर ते नेच्याचे अंग. अस्ताव्यस्त दिसले आणि नखाने उचकटले तर कीड. हा नियम ध्यानात ठेवल्यास निरोगी झाडावर माझ्यासारखी कात्री चालविण्याची पाळी येणार नाही.

तिसरी चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. उतावळेपणाने मी बाजारात गेलो आणि शेतीसाठी विकले जाणारे एक आंतरप्रवाही कीटकनाशक घेऊन आलो. कोणत्या झाडासाठी हवे, हे दुकानदाराने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. संध्याकाळी क्रोटनवर फवारा मारला. शेजारीच कढीलिंबाची कुंडी होती, तिच्यावरही खवले होते, तिच्यावरही मारला. दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. पहिला घास उचलणार तोच आमटीत तरंगणारी कढीलिंबाची पाने दिसली. आईने नित्याप्रमाणे फोडणीसाठी चार टहाळ्या खुडल्या होत्या. मी ओरडलो. ताटे तशीच उचलली, आमटी फेकून दिली. कोणाच्याही पोटात काही गेले नव्हते. पण ते औषध पानाच्या आत भिनलेले असते आणि कितीही धुतले तरी निघत नाही, हे वेष्टनावरचा मजकूर त्या रात्री प्रथमच नीट वाचल्यावर समजले. ते झाड आम्ही उपटून टाकले.

त्यानंतर मी विचार करू लागलो की पडवीत वर्षानुवर्षे सुखाने राहिलेल्या झाडांवर ही कीड घरात येताच इतकी का माजावी? उत्तर सोपे आहे. बाहेर जोराच्या सरीने कितीतरी पिले धुऊन जातात. ढालकिडे त्यांना खातात. बारीक परोपजीवी माश्या त्यांच्या अंगात अंडी घालतात. आपण झाड घरात आणतो तेव्हा त्याचे हे सगळे राखणदार दाराबाहेर ठेवतो.

याचा मोठा दाखला इतिहासात आहे. ऑस्ट्रेलियातील एक कापसासारखी पांढरी खवले कीड १८६८ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पोहोचली. तिचे शत्रू मात्र मायदेशीच राहिले. पुढील वीस वर्षांत तिने संत्र्या-लिंबांच्या बागा उजाड करीत आणल्या आणि कोणतेही औषध पुरेना. अखेर १८८८ साली आल्बर्ट केबेले या कीटकशास्त्रज्ञास ऑस्ट्रेलियास पाठविण्यात आले. त्यांनी तेथून लाल-काळ्या रंगाचा एक चिमुकला ढालकिडा पाठविला. तो बागांत सोडल्यावर वर्ष-दीड वर्षाच्या आत बागा सावरल्या. राखणदार परत मिळाला, इतकेच घडले.

माजघरात ढालकिडे पाळणे आपल्याला शक्य नाही. तेव्हा पावसाचे आणि ढालकिड्याचे काम आपल्याच हातांनी केले पाहिजे. ते असे करावे.

कीड दिसताच ती कुंडी इतर झाडांपासून दूर ठेवावी. फार भरलेली पाने व फांद्या कापून पिशवीत बांधून टाकाव्यात. अंगणात फेकू नयेत. उरलेले खवले दातांच्या जुन्या मऊ ब्रशाने, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, हलक्या हाताने घासून काढावेत. थोडेच असतील तर सर्जिकल स्पिरिटात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक टिपावा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि एक-दोन मिलिलिटर सौम्य द्रवरूप साबण चांगले घुसळून पानांच्या दोन्ही बाजूंवर आणि खोडावर फवारावे. आधी एकाच पानावर प्रयोग करून दोन दिवस वाट पाहावी. फवारा संध्याकाळी मारावा, उन्हात नव्हे. नेच्याला तेल आणि साबण सोसत नाही. त्याची कीड हातानेच काढावी. मुंग्यांचाही बंदोबस्त करावा, कारण गोडव्याच्या लोभाने त्या किडीला तिच्या शत्रूंपासून राखतात.

हे सर्व एकदा करून भागत नाही. तेल आणि साबण यांचा परिणाम मुख्यत्वे पिलांवर होतो. अंड्यांतून निघालेली ही पिले एक मिलिमीटरहूनही लहान आणि पिवळसर असतात. तेवढ्याच वयात ती चालतात आणि त्यांच्या अंगावर कवच नसते. कवचाखालची अंडी मात्र फवाऱ्यातून वाचतात आणि पुढे फुटत राहतात. म्हणून दर सात ते दहा दिवसांनी, निदान चार वेळा, हा उपचार करावा. खोडाभोवती दोन्ही बाजूंनी चिकट असलेली पट्टी गुंडाळून ठेवली तर फिरती पिले तीवर अडकतात आणि भिंगाने पाहता येतात. पट्टीवर नवी पिले दिसतात तोवर काम संपलेले नाही असे समजावे. मेलेले खवलेही पानाला चिकटूनच राहतात. दाबल्यावर कोरडे चुरले तर मेलेले, ओले निघाले तर जिवंत.

विकत आणलेले नवे रोप तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे. नत्रयुक्त खताचा मारा करू नये. कोवळ्या, रसाळ फुटीवर ही कीड अधिक पोसते. आणि एखादे झाड नखशिखान्त भरले असेल, तर इतरांसाठी त्याचा मोह सोडावा.

आमच्या घरी आता रविवारी मिस्सा आटोपून आलो की आजी आणि नात ओले फडके घेऊन खिडकीशी बसतात. आजी पाने पुसते, नात भिंगातून पाहते आणि सांगते. कढीलिंबाची नवी कुंडी आली आहे. तिला स्वच्छ पाणी आणि ब्रश याखेरीज काही लावायचे नाही, हा आईचा हुकूम आहे. क्रोटन वाचले. नेच्याला माझ्या कात्रीतून सावरायला पुढचा पावसाळा लागला.

श्रोतेहो, आपल्याही घरात झाडाखालची जमीन चिकट लागली, तर लेकराला रागावण्यापूर्वी एकदा पान उलटून पाहा, एवढीच विनंती.