तबकडीची वांटणी

वांटणी हा शब्द कानीं पडतांच आपल्या डोळ्यांपुढें घर, शेत, विहिरीचें पाणी आणि अबोला धरलेले भाऊ उभे राहतात. आज मी ज्या वांटणीविषयीं बोलणार आहें, ती संगणकाच्या हार्ड डिस्कची, म्हणजे त्याच्या पोटांतल्या तबकडीची. तिच्यांत भांडायला कोणी नसतें. पण ती चुकली तर दाद मागायला न्यायालयहि नसतें.

2020 सालच्या मे महिन्यांत, टाळेबंदीमुळें, मी सांगलीस थोरल्या बहिणीकडे अडकलों होतों. भाचीची शाळा संगणकावर भरूं लागली होती. घरांतला जुना संगणक विंडोज 7 वर चालणारा, आणि त्या प्रणालीची मुदत त्याच वर्षीं जानेवारींत संपलेली. तिच्या जागीं उबुंटू ही विनामूल्य प्रणाली बसवावी असें ठरलें. एरव्हीं हें काम पेनड्राइव्हवरून होतें. घरीं पेनड्राइव्ह नव्हता, दुकानें बंद होतीं, आणि डीव्हीडीचें यंत्र तर केव्हांच निकामी झालेलें. राहिला एकच मार्ग. प्रणालीची फाइल त्याच संगणकाच्या तबकडीवर उतरवून घ्यावयाची आणि ग्रब नांवाच्या लहानशा कार्यक्रमाकरवीं तेथूनच ती सुरू करावयाची.

मार्ग उत्तम आहे. पण त्यांत एक पेंच आहे. तबकडीच्या ज्या विभागांत ती फाइल असते, तो विभाग काम संपेपर्यंत वापरांत राहतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालविणाऱ्या कालिदासाची आख्यायिका आपण ऐकलीच आहे. संगणक त्याच्याहून शहाणा. तो प्रथमच विचारतो, "या तबकडीवरील विभाग वापरांत आहेत, ते सोडवूं काय? न सोडविल्यास नवे विभाग पाडतां येणार नाहींत. असलेल्या विभागांत मात्र प्रणाली बसवितां येईल." मीं नको म्हटलें.

आमच्या तबकडीचे दोन सारखे विभाग होते, सी आणि डी. सी मध्यें विंडोज. डी मध्यें आमची फाइल आणि घरांतलीं अकरा वर्षांचीं छायाचित्रें. त्यांची दुसरी प्रत नव्हती. सी पुसावयाचा आणि डी ला हात लावावयाचा नाहीं, इतका बेत सोपा. परंतु उबुंटूच्या यादींत सी-डी हीं अक्षरें नसतात. तेथें असतात एसडीए 1, एसडीए 2. पहिला तो सी, असें मीं गृहीत धरलें आणि तो पुसण्याची आज्ञा दिली. संगणकानें साफ नकार दिला. विभाग वापरांत आहे, म्हणे! मी चिडलों. असा अडलेला विभाग बळानें सोडविण्याची एक आज्ञा असते. ती टंकून झाली, कळ दाबावयाची तेवढी राहिली.

"मामा, आधीं उघडून तरी पाहा ना," भाची म्हणाली.

उघडला. पहिल्याच कप्प्याचें नांव होतें "दिवाळी 2012."

कारण साधें होतें. विंडोज ज्या विभागांत बसलेलें असतें, त्यालाच तें स्वतःपुरतें सी म्हणतें, मग तबकडीवर त्याचें स्थान कोणतेंहि असो. आमच्या संगणकांत तें दुसऱ्या विभागांत होतें.

आकारावरून ओळखूं म्हणाल, तर तेंहि फसवें आहे. विंडोज ज्यास 200 जीबी म्हणतें, तोच विभाग उबुंटूमध्यें सुमारें 215 जीबी दिसतो; कारण एक 1024 च्या पटींत मोजतें, दुसरें 1000 च्या. म्हणून जुनी प्रणाली चालू असतांनाच प्रत्येक विभागाला स्पष्ट नांव द्यावें. तें नांव दोन्हीकडे दिसतें.

फाइल नेहमीं जो विभाग राखावयाचा आहे त्यांतच ठेवावी. "संपूर्ण तबकडी पुसा" हा पर्याय या मार्गानें जाणाऱ्यास वर्ज्य. प्रणालीला 25 जीबी तरी जागा द्यावी, आणि शक्य असेल तर आपल्या कागदपत्रांसाठीं 'होम' हा निराळा विभाग करावा. पुढें प्रणाली बदलतांना तो न पुसतां तसाच जोडतां येतो. स्वॅपसाठीं उबुंटूमध्यें 2017 पासून साध्या फाइलीनें भागतें. जुन्या पद्धतीच्या तबकडीवर मुख्य विभाग चारच होतात, हें पाडण्यापूर्वींच मोजून पाहावें. नव्या संगणकांत ईएफआय नांवाचा एक चिमुकला विभाग असतो. तो निरुपयोगी वाटतो; पण संगणक सुरू होतो तो त्याच्याच आधारानें. त्याला पुसूं नये.

आम्हीं त्या दिवशीं दुसऱ्या विभागांत उबुंटू बसविलें. जूनमध्यें दुकानें उघडल्यावर बहिणीनें प्रथम बाहेरची एक तबकडी आणविली आणि सगळीं छायाचित्रें तिच्यावर उतरविलीं. खरें म्हणजे तें काम आधीं व्हावयास हवें होतें, हें तिनें मला दोनदां ऐकविलें.