समुपदेशक वस्तीत घडायला हवा



आपली ही परिषद भिवंडीत भरते आहे. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर वस्ती असलेलं हे यंत्रमागाचं शहर. इथे मुलं उर्दू, मराठी, हिंदी, तेलुगू बोलत शाळेत येतात. आपली समुपदेशनाची विद्या शहरी कष्टकऱ्यांच्या कामी येते का, याचा कस इथेच लागतो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला की, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. पदं निघतील, पण त्यांवर पाठवायचं कुणाला? माझं आग्रहाचं सांगणं आहे की, समुपदेशकाचं प्रशिक्षण वस्तीतल्या शाळेत आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं.

सहावीतला एक मुलगा दुसऱ्या तासालाच पेंगतो. बाईंची तक्रार असते, ‘याचं लक्षच नसतं.’ शिकाऊ समुपदेशक विचारतो, ‘तुला कसं वाटतं?’ उत्तर येतं, ‘ठीक.’ पण ‘रात्री झोपतोस कुठे?’ असं विचारलं की मुलगा बोलू लागतो. एकच खोली, भिंतीपलीकडे रात्रभर खडखडणारे माग, रातपाळीहून परतणारे वडील, त्यांना झोप मिळावी म्हणून भल्या सकाळी घराबाहेर पाठवलेली भावंडं. मुलाला आजाराचं नाव चिकटवण्याआधी त्याच्या घराचा दिवस आणि रात्र समजून घ्यायला हवी.

दुसरा प्रसंग याहून अवघड. मुलगी म्हणते, ‘मॅडम, कुणाला सांगू नका.’ समुपदेशक शब्द देऊन बसते आणि मग लैंगिक अत्याचाराची हकिगत समोर येते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. म्हणून गुप्ततेची मर्यादा पहिल्याच भेटीत, मुलीला कळेल अशा भाषेत सांगावी लागते. उर्दूत, तेलुगूत ते कसं सांगायचं, याचा सराव व्हायला हवा. आणि असा प्रसंग आला तर त्याच दिवशी सल्ला द्यायला सुपरव्हायझर हवा. शिकणाऱ्याला अशा वेळी एकटं सोडणं हा त्याच्यावरही अन्याय आहे आणि त्या मुलीवरही.

वस्तीत, देखरेखीखाली काम करण्याचा हा मार्ग आपल्याला नवा नाही. आजच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने १९३७ मध्येच मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र सुरू केलं. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने संशोधनातून दाखवलं की, स्थानिक माणसांना नेमकं प्रशिक्षण आणि नियमित देखरेख मिळाली, तर डॉक्टर नसतानाही ती नैराश्यग्रस्तांना उपयोगी मदत करू शकतात.

भिवंडीची स्वतःची शिकवणही आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत हे शहर होरपळलं. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या आणि १९९२-९३ मध्ये मुंबई दंगलींनी पेटली असताना भिवंडी शांत राहिली. एकाच मोहल्ल्यातली माणसं वरचेवर एकत्र बसली, म्हणून विश्वास टिकला. समुपदेशकालाही विश्वास असाच कमवावा लागेल.

म्हणून विद्यापीठांकडे माझ्या चार मागण्या आहेत. क्षेत्रकार्य चार-सहा शाळांत विखरू नका. विद्यार्थ्याला पूर्ण शैक्षणिक वर्ष एकाच शाळेत ठेवा. दर आठवड्याला सुपरव्हिजन द्या आणि त्या तासांचं मानधन सुपरव्हायझरला द्या. भिवंडीतल्या उर्दू आणि तेलुगू भाषक मुलामुलींना शिष्यवृत्ती देऊन या अभ्यासक्रमात आणा. आणि कधी, कुठे रेफर करायचं ते शिकवा: इंदिरा गांधी स्मृती रुग्णालय, ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय, टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक.

मुख्याध्यापकांकडे दोनच मागण्या आहेत: समुपदेशकाला दार लावता येईल अशी खोली द्या आणि बदली तासांना त्याला जुंपू नका. विद्यार्थिमित्रांनो, पदवी हाती आली की मोठ्या शाळांची दारं तुम्हाला उघडतील. त्याआधी एक वर्ष भिवंडीतल्या शांतीनगरला, गैबीनगरला, पद्मानगरला द्या. इथल्या मुलांना तुमची गरज आहे, आणि चांगला समुपदेशक होण्यासाठी तुम्हाला त्यांची.