‘वाय’ दाबण्याआधी: लिनक्सचं अपग्रेड आणि अडून बसलेली पॅकेजेस

देवनहळ्ळीहून बोलतोय. मध्येच विमानाचा आवाज आला तर सांभाळून घ्या, केंपेगौडा विमानतळ जवळच आहे. जुन्या कॉम्प्युटरवर डेबियन कसं बसवायचं, ते आपण मागे पाहिलं. त्यानंतर सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा: “साहेब, नव्या आवृत्तीवर जाताना ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असं येतं आणि गाडी तिथंच थांबते. काय करायचं?”

आधी माझी फजिती सांगतो. मग उत्तर आपोआप येईल.

नोव्हेंबर 2023. आमच्याकडे हा हयातीच्या दाखल्यांचा महिना. आसपासचे निवृत्त जवान, जवानांच्या पत्नी माझ्याकडे येतात. कागद स्कॅन करून देणं, फॉर्म भरून देणं हे काम मी निवृत्तीनंतर अंगावर घेतलंय. एका दिवंगत हवालदाराच्या पत्नीची पेन्शन नावाच्या स्पेलिंगमुळे अडकली होती. तिचा संध्याकाळी फोन आला, “सर, नाळे बर्ला?” म्हणजे उद्या येऊ का. म्हटलं, या, दहा वाजता. आणि त्याच रात्री मी डेबियन 11 वरून 12 वर जायला बसलो. 12 जून महिन्यातच आलं होतं, पाच महिने थांबलो होतो, ती एक रात्र काही थांबवेना. सौ. म्हणाली, “अहो, उद्या काम आहे ना, आजच कशाला?” ऐकलं नाही.

फुल-अपग्रेड सुरू केलं. स्क्रीनभर यादी आली आणि खाली प्रश्न: पुढे जायचं का, वाय की एन? मी वाय दाबलं. यादी वाचली नाही. पाऊण तासानं मशीन पुन्हा सुरू केलं, तर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. डेस्कटॉप गायब. आणि डेस्कटॉपबरोबर वाय-फाय सांभाळणारा प्रोग्रामही गेलेला.

असं का झालं ते समजून घेऊ. पॅकेज म्हणजे प्रोग्रामची बांधलेली पेटी. पेटीवर लिहिलेलं असतं की मला अमुक लायब्ररी हवी, तमुक आवृत्तीची किंवा त्यापुढची. कधी असंही लिहिलेलं असतं की अमक्याबरोबर मी राहणार नाही. डीपीकेजी हा स्टोअरकीपर. हातात दिलेली पेटी उघडून मांडतो, बाकीचं कुठून आणायचं ते त्याला ठाऊक नाही. ॲप्ट हा क्वार्टरमास्टर. कुठली पेटी कुठल्या भांडारातून आणायची आणि कोणाला जागा करून द्यायची, हा हिशोब तो करतो. दोन पेट्यांच्या अटी एकमेकींना छेद देत असतील, तर त्याच्यापुढे मोजकेच मार्ग उरतात: थांबायचं, किंवा कोणाला तरी बाहेर काढायचं.

इथं एक फरक पक्का लक्षात ठेवा. साधं ‘ॲप्ट अपग्रेड’ बसवलेलं पॅकेज कधीच काढत नाही. ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ गरज पडल्यास काढतं. आवृत्ती बदलताना फुल-अपग्रेड लागतंच, म्हणून धोका तिथं.

माझ्याकडे काय झालं होतं? काही वर्षांपूर्वी स्कॅनरसाठी एका कंपनीचं बाहेरचं भांडार मी जोडलं होतं. त्या ड्रायव्हरबरोबर एक सामायिक लायब्ररी त्यांच्या आवृत्तीची आली. एकदा ती बदलल्यावर स्कॅनर बंद पडला, म्हणून मी तिच्यावर ‘होल्ड’ लावला, म्हणजे हिला हात लावू नकोस असा हुकूम. आणि विसरून गेलो. ॲप्टनं माझा हुकूम पाळला. नव्या डेस्कटॉपला नवी लायब्ररी हवी होती, जुनी हलवायची परवानगी नव्हती, तेव्हा त्यानं डेस्कटॉप काढला. आणि काढणार आहे असं मला आधी विचारलंही होतं!

2021 साली यूट्यूबवरच्या एका प्रसिद्ध तंत्रज्ञाचं, लायनस सेबॅस्टियनचं, असंच झालं. पॉप ओएसवर स्टीम बसवताना ॲप्टनं बजावलं की हे करणं घातक आहे, खरंच करायचं असेल तर ‘येस, डू ॲज आय से’ असं पूर्ण वाक्य टाइप कर. त्यानं केलं आणि डेस्कटॉप उडाला. त्यानंतर ॲप्टनं ती पळवाट अधिक अवघड केली. मला तर एक अक्षरच पुरलं.

आता दुरुस्ती. राउटरला केबल जोडली, डीएचक्लायंट चालवून नेट मिळवलं. माझ्या फायली होम फोल्डरमध्ये सुरक्षित होत्या. पॅकेजची उलथापालथ त्यांना शिवत नाही, हे आठवून जरा धीर आला. मग ॲप्टचा रोजनामा उघडला: व्हार, लॉग, ॲप्ट या फोल्डरमधली हिस्टरी डॉट लॉग. ‘रिमूव्ह’च्या ओळीत गेलेल्यांची पूर्ण नावं होती. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ दिलं, माझा जुना हुकूम समोर आला. ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे त्या लायब्ररीचं नाव दिलं. ही कमांड बसवलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कुठल्या भांडारातून येते ते दाखवते. बसवलेल्या आवृत्तीखाली भांडाराऐवजी फक्त डीपीकेजीच्या स्टेटस फाइलचा पत्ता दिसला, तर ओळखा: जोडलेल्या कुठल्याच भांडारात ती नाही, ती बेवारस आहे. माझी तशीच होती. होल्ड काढला, डेबियनची आवृत्ती बसवली, ‘डीपीकेजी, कॉन्फिगर, ए’, मग ‘ॲप्ट, फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’, मग डेस्कटॉप पुन्हा. पहाटेचे चार वाजले. स्कॅनर मात्र चालेना. दहाला ती बाई आली तेव्हा तिचे कागद मी मोबाइलनं फोटो काढून चढवले. काम झालं, पण तिला दोन तास बसावं लागलं, बिचारीची परतीची बस चुकली. मी गाडीनं सोडून आलो.

एक गंमत सांगतो. ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हा ॲप्टचा संदेश आला, की लोक होल्ड शोधत बसतात. बहुतेक वेळा होल्ड कुठेच नसतो! ॲप्टला जुळणारी आवृत्ती सापडली नाही, एवढाच त्याचा अर्थ. खरी माहिती त्याच्या वरच्या ओळींत असते: कोण, कोणावर अवलंबून, आणि ‘बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’. ओळी वरून खाली वाचा. त्यातल्या शेवटच्या नावाची पॉलिसी तपासा. दहातल्या आठ वेळा, निदान माझ्या अनुभवात, दोषी बाहेरचं भांडार निघतं.

डेबियन 13 ऑगस्ट 2025 मध्ये आलं, तेव्हा मी फौजी पद्धतीनं निघालो. तुकडी हलण्याआधी ॲडव्हान्स पार्टी जाते ना, तसं. आधी बॅकअप: होम, ईटीसी आणि बसवलेल्या पॅकेजची यादी. मग होल्ड तपासले. बाहेरची सगळी भांडारं बंद केली. 11 वरून थेट 13 वर उडी मारता येत नाही, एकेक पायरीच चढायची. भांडारांच्या यादीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी लिहिलं, ‘ॲप्ट अपडेट’ दिलं. मग नवीन पॅकेज न आणणारं छोटं अपग्रेड. आणि मग ‘ॲप्ट, डॅश एस, फुल-अपग्रेड’. डॅश एस म्हणजे नुसती रंगीत तालीम, डिस्कवर काहीही बदलत नाही.

‘काढली जातील’ची यादी बघून मी पहिल्यांदा दचकलोच. लिबएसएसएल 3, लिबकप्स 2, असली जुनीजाणती मंडळी काढायच्या यादीत! पण ‘नवीन बसतील’ची यादी शेजारी ठेवली तर तीच नावं, शेवटी ‘टी 64’ लावून. हे 2038 च्या प्रश्नामुळे. 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांत मोजले, तर 19 जानेवारी 2038 ला, आपल्या घड्याळात सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, आकडा संपतो. म्हणून वेळ 64 बिटांत न्यायला डेबियननं शेकडो लायब्रऱ्यांची नावं बदलली. म्हणजे यादीतलं प्रत्येक ‘काढणं’ धोक्याचं नसतं. जोडी सापडली की पुढे जा. डेस्कटॉप, नेटवर्क मॅनेजर, कर्नल यांची नावं बदली जवान न देता गेलेली दिसली, तर एन दाबा आणि कारण शोधा. मी यादी कागदावर छापून नॉमिनल रोलसारखी टिक करत वाचली. सौ. हसत होती.

या वेळी सकाळची वेळ निवडली आणि त्या आठवड्यात कोणालाही बोलावलं नव्हतं.

उबुंटूवाल्यांना आणि सी-डॅकचं ‘बॉस’ वापरणाऱ्यांना हे असंच लागू पडतं, दोन्ही डेबियनच्या घरातली. फेडोरात ॲप्टऐवजी डीएनएफ आहे, कमांड वेगळ्या, भांडण तेच. आणि ज्यांच्याकडे अजून 32 बिटांचा जुना लॅपटॉप आहे, त्यांनी 13 च्या वाटेला जाऊ नये. त्या मशीनसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर आता येत नाहीत. माझाही एक आहे तसला, 12 वरच ठेवलाय. तो जुना स्कॅनर अजून त्यालाच जोडलेला आहे.